पदवीच्या पुढची वाट

फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी पदवी घेऊन बाहेर पडल्या, ही गोष्ट मराठी शाळेतील मुलामुलींनाही ठाऊक असते. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात त्याच महाविद्यालयात दुसरी एक विद्यार्थिनी दाखल झाली, हे मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. तिचे नाव सुझन ला फ्लेश. नेब्रास्कातील ओमाहा या आदिवासी जमातीच्या प्रमुखाची ती कन्या. दोघींचाही जन्म १८६५ सालचा. आनंदीबाईंची कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली होती. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला आणि ते काम त्यांच्या हातून घडलेच नाही. सुझनला मात्र पदवीनंतर सव्वीस वर्षे लाभली. त्या वर्षांचे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे.

अमेरिकेची सरहद्द पश्चिमेकडे सरकत गेली, त्या काळातील डॉक्टरांच्या कथा पुष्कळ आहेत आणि त्या खोट्या नाहीत. केंटकीच्या रानवट मुलखात १८०९ साली एफ्राइम मॅक्‌डॉवेल यांनी भुलीचे औषध माहीत नसताना एका स्त्रीच्या पोटातील बावीस पौंडांहून अधिक वजनाची गाठ काढली. त्या उपचारासाठी ती साठ मैल घोड्यावरून आली होती, आणि पुढे तीस वर्षांहून अधिक काळ जगली. डॉक्टरांचे धैर्य मोठे होते, त्या स्त्रीचे त्याहून मोठे. तथापि हा झाला इतिहासाचा अर्धा भाग. ज्या भूमीवर ही सरहद्द पुढे सरकत होती, तेथे आधीपासून राहणाऱ्यांच्या वाट्याला या वैद्यकातले काय आले?

याचे एक भीषण उत्तर ओरेगॉनमध्ये मिळाले. तेथे डॉ. मार्कस व्हिटमन मिशनरी म्हणून राहत आणि वसाहतवाल्यांबरोबर कायूस जमातीवरही उपचार करीत. १८४७ साली गोऱ्यांच्या तांड्यांबरोबर गोवर आला. गोऱ्यांची मुले बहुधा बरी होत. कायूसांची मुले मात्र भराभर मरू लागली. त्यांच्या शरीरांना हा रोग नवा होता, हे त्यांना कोण समजावणार? डॉक्टरच विष घालतो, असा संशय बळावला आणि नोव्हेंबरअखेर व्हिटमन पतिपत्नींसह अनेकांची हत्या झाली. या हत्येचे समर्थन करता येत नाही. परंतु ज्यांची भूमी हातची चालली होती, त्यांनी त्याच लोकांच्या औषधावर विश्वास ठेवावा, ही अपेक्षा तरी कितपत रास्त होती, हा प्रश्न उरतोच.

सुझनच्या बालपणीची आठवण या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे. एका आजारी ओमाहा स्त्रीच्या उशाशी ती रात्रभर बसली होती. सरकारी डॉक्टरांना चार वेळा निरोप गेला. चारही वेळा 'येतो' असे उत्तर आले. ते आले नाहीत, आणि पहाटे त्या स्त्रीने प्राण सोडला. डॉक्टर होते, पगार चालू होता, औषधेही असतील. नव्हती ती केवळ आपण उत्तरदायी आहोत ही जाणीव.

१८८९ मध्ये आपल्या वर्गात पहिली येऊन सुझन आपल्या लोकांत परतली. प्रथम शाळेतील मुले आणि लवकरच बाराशेंहून अधिक लोकांची संपूर्ण जमात तिच्या हवाली झाली. वेतन वर्षाला ५०० डॉलर. बर्फातून, कधी घोड्यावरून तर कधी पायी, ती घरोघर जाई. ती त्यांच्या भाषेत बोले, त्यांची पत्रे लिहून देई, जमिनीच्या कागदांचा अर्थ सांगे. शेवटी प्रकृती ढासळली आणि १८९३ मध्ये तिला ते पद सोडावे लागले. पण काम सुटले नाही. क्षयाचा प्रसार, माश्या, सर्वांनी एकाच भांड्याने पाणी पिण्याची चाल आणि दारूचा व्यापार या सर्वांविरुद्ध ती लढत राहिली. जमिनीच्या हक्कांसाठी १९१० मध्ये ती जमातीच्या शिष्टमंडळाबरोबर वॉशिंग्टनलाही गेली. उपाशी आणि भूमिहीन माणसाला केवळ औषधाने निरोगी ठेवता येत नाही, हे तिला अनुभवाने कळले होते.

वॉल्टहिल येथे तिच्या स्वप्नातील रुग्णालय १९१३ साली उघडले, तेही देणग्यांच्या पैशावर. १८५४ च्या कराराने ओमाहांची बहुतेक भूमी ज्या सरकारने घेतली, त्याच्या तिजोरीतून हे रुग्णालय उभे राहिले नाही. त्यानंतर दोन वर्षांनी, १८ सप्टेंबर १९१५ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी ती कर्करोगाने वारली.

अशा एकाकी सेवाव्रतींमुळेच समाज पुढे जातो, असे कोणी म्हणेल. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु एका व्यक्तीच्या त्यागावर बाराशे माणसांचे आरोग्य टांगून ठेवणे, ही त्या व्यक्तीची थोरवी असली तरी व्यवस्थेची नामुष्कीच होय. त्यागाचे पोवाडे गाण्यात एक सोय असते. ज्यांनी आपले कर्तव्य केले नाही, त्यांची नावे त्या पोवाड्यात येत नाहीत. निरोप चार वेळा जाऊनही न आलेला तो डॉक्टर आणि त्याला जाब न विचारणारे त्याचे वरिष्ठ विस्मृतीत जातात. लक्षात राहते ती बर्फातून चाललेली स्त्री.

आनंदीबाईंचे स्मरण आपण 'पहिल्या' म्हणून करतो, ते योग्यच आहे. मात्र वर्गात त्यांची गोष्ट सांगताना शिक्षकांनी त्याच महाविद्यालयातील या दुसऱ्या विद्यार्थिनीची गोष्टही जोडून सांगावी. एकीला काम करायला आयुष्यच मिळाले नाही. दुसरीला आयुष्य मिळाले, पण बाराशे माणसांचा भार बहुतांशी एकटीलाच वाहावा लागला. पहिली पदवी मिळवणे हे एका व्यक्तीचे यश असते. त्या पदवीमागून दुसरा, तिसरा, दहावा डॉक्टर त्याच दूरच्या वस्तीत पोचावा आणि तेथे टिकावा, हे पाहण्याचे काम मात्र साऱ्या समाजाचे आहे, आणि ते कोणा एका सुझनवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.