फुकटची वेठ की हक्काचे काम?

मार्च-एप्रिल आला की आपल्या वस्त्यांतील इंजिनिअरिंग आणि सायन्सला शिकणाऱ्या मुलामुलींची दुहेरी धावपळ सुरू होते. एकीकडे परीक्षा तोंडावर, दुसरीकडे उन्हाळी सुट्टीतील कामासाठी अर्ज. यंदा लोअर परळच्या आपल्या एका विद्यार्थिनीने अशा प्रकल्पाकडे अर्ज करायचे ठरवले आहे, जिथे शास्त्रातील गणिते सोडवणारे सॉफ्टवेअर जगभरचे लोक मिळून तयार करतात आणि ते कोणालाही विनामूल्य वापरता येते. यालाच ओपन सोर्स म्हणतात. तिची आई विहारात भेटली तेव्हा म्हणाली, "भाऊ, पोरगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कॉम्प्युटरपुढं बसते, आणि हातात पैसा एक नाही. आमच्या आज्या-पणज्या गावात फुकट राबल्या. आता हिनंपण वेठच करायची का?"

माउलीचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फुकट काम म्हटले की आपल्या समाजाच्या जुन्या जखमेवरची खपली निघते. महार वतनाच्या नावाखाली आपल्या पूर्वजांना दिवसरात्र सरकारी आणि गावकीची कामे करावी लागत. त्या वतनाच्या जोखडातून समाजाला सोडवण्यासाठी परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात ही वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. तेव्हा आपल्या मुलीने बिनपगारी काम करू नये असे एखाद्या आईला वाटले तर ती अडाणी ठरत नाही. तिला इतिहास ठाऊक आहे, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु वेठ कशाला म्हणावे? वेठीच्या कामाला नकार देता येत नव्हता. केलेल्या कामावर करणाऱ्याचे नाव नव्हते, आणि त्या कामातून करणारा काही शिकून वर येत नव्हता. या तिन्ही कसोट्यांवर मुलीचे काम घासून पाहा. तिने आपणहून ते निवडले आहे आणि उद्या सोडायचे म्हटले तर कोणी अडवणार नाही. तिने केलेली प्रत्येक दुरुस्ती तिच्या नावानिशी, तारखेसह नोंदली जाते. आम्हा कारकुनांच्या भाषेत सांगायचे तर फाइलवर टिपणी कोणी लिहिली, शेरा कोणी मारला, मंजुरी कोणी दिली हे सारे कायम राहते आणि कोणालाही उघडून वाचता येते. उद्या नोकरीच्या मुलाखतीत तिला ते पान दाखवता येईल. राहता राहिली तिसरी कसोटी, शिकण्याची. त्यासाठी आपल्याच लोअर परळचा इतिहास पाहू.

इथल्या गिरण्यांत आपली माणसे हजारोंनी राबली. पण विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. कांडी बदलताना धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. जास्त पगाराचे आणि कसबाचे काम ते हेच! आपल्या वाट्याला कमी पगाराची खाती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडल्या. त्याच आवारांत आज काचेची ऑफिसे उभी आहेत. आपल्यातले कित्येकजण तिथे जातात ते पहाऱ्याला नाहीतर साफसफाईला. आजचे विणकाम खाते म्हणजे सॉफ्टवेअर. ओपन सोर्समध्ये त्या खात्याचा दरवाजा उघडा आहे. यंत्र आतून कसे चालते, प्रत्येक ओळ कशी लिहिली आहे, हे कोणालाही पाहता येते. जे पाहता येते ते शिकता येते.

एक दाखला देतो. सिम्पाय नावाचे सॉफ्टवेअर बीजगणित, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन अशी गणिते चिन्हांत सोडवते. अॅरन म्यूरर हा अमेरिकेतील विद्यार्थी २००९ साली गूगलच्या उन्हाळी योजनेतून त्या प्रकल्पात आला आणि २०११ साली त्या प्रकल्पाचा प्रमुख झाला. ही गूगलची योजना २००५ पासून चालू आहे. तिच्यात निवड झाल्यास मानधन मिळते, आणि २०२२ पासून १८ वर्षांवरील कोणाही नवोदिताला अर्ज करता येतो. आपल्या मुंबईत पवईच्या आय.आय.टी.मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या साहाय्याने फॉसी हा प्रकल्प चालतो. त्याच्या उन्हाळी फेलोशिपसाठी उमेदवाराला आधी काम देऊन पारखले जाते. तिथलेच स्पोकन ट्युटोरियलचे पाठ मराठीतही आहेत. इंग्रजीचा धसका घेतलेल्या मुलांनी तिथूनच सुरुवात करावी.

अर्ज कसा करावा? नुसते "मला आवड आहे" लिहून भागत नाही. प्रथम सॉफ्टवेअर स्वतः वापरावे. मग नोंदवलेल्या चुकांपैकी एखादी लहानशी चूक निवडून ती दुरुस्त करून पाठवावी. सिम्पायने तर अर्जदाराने आधी निदान एक दुरुस्ती करून दाखवावी अशी अट घातली आहे. जाणकार त्यात दोष काढतात. तो अपमान समजू नये, सुधारून पुन्हा पाठवावे. त्यानंतर अर्जात काय करणार, कोणत्या आठवड्यात किती करणार, आणि अडले तर काय करणार, हे साध्या इंग्रजीत लिहावे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दरवाजा उघडा आहे म्हणून सगळे एकाच वेळी आत पोहोचतात असे नाही. ज्याच्या घरी स्वतंत्र खोली, चांगला लॅपटॉप आणि इंग्रजी बोलणारे आईबाप, तो पुढे निघतो. १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढलेले पोर मागे राहते. शिवाय या मोफत सॉफ्टवेअरवर मोठमोठ्या कंपन्या पैसा कमावतात, हेही खरे. म्हणून विद्यार्थ्यांनी हिशेब ठेवावा. शिकण्यापुरते तास ठरवावेत, परीक्षा बुडवू नये, आणि मानधन देणाऱ्या योजनेलाच आधी अर्ज करावा. निवड झाली नाही तरी केलेल्या दुरुस्त्या आपल्या नावावर राहतातच.

आणि समाजाने काय करावे? भीमजयंतीच्या वर्गणीतून लाउडस्पीकरचे भाडे आपण आनंदाने भरतो. त्यातून थोडी रक्कम बाजूला काढून विहारात दोन संगणक आणि इंटरनेट घेता येणार नाही काय? रात्री अकरापर्यंत अभ्यासिका उघडी ठेवता येणार नाही काय? आपल्यातून शिकून कंपन्यांत स्थिरावलेल्या इंजिनिअर बंधू-भगिनींनी महिन्यातला एक रविवार या मुलांचे अर्ज तपासायला द्यावा. पगारातून देणगी देणारे पुष्कळ आहेत, वेळ देणारे हवे आहेत.

पालकांना विनंती एवढीच, की पोरगी रात्री जागते म्हणून दिवा बंद करू नका. ती काय करते ते तिच्याजवळ बसून विचारा. तिला ते मराठीत समजावून सांगता आले, तर अर्जही नीट लिहिता येईल.

जयभीम! नमो बुद्धाय!