जुन्या लॅपटॉपचा आवाज बसणार नाही!

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे मीरा रोड-भाईंदरमध्ये ज्यांच्या घरी आठ-नऊ वर्षांपूर्वीचा लॅपटॉप आहे, त्यांच्यापुढे मोठा प्रश्न: नवा घ्यायचा, की त्यावरच फुकटचं लिनक्स टाकायचं?

लिनक्सचं नाव काढलं की कुणीतरी म्हणतंच, ‘साउंडचा लोचा होतो.’ ऑनलाइन इंटरव्ह्यूत माईकने दगा दिला, तर फुकटचं महागात पडणार. पण हा लोचा आजही आहे का?

आधी तो होता कशामुळे ते बघू. लिनक्समध्ये साउंड कार्डाशी थेट बोलतं ते ‘अल्सा’. त्याच्यावर गाणी, व्हिडिओ, कॉल असे सगळे आवाज एकत्र करायला २००४मध्ये ‘पल्सऑडिओ’चं काम सुरू झालं. संगीतकारांना मात्र आवाज जराही उशिरा आलेला चालत नाही. त्यांच्यासाठी ‘जॅक’ वेगळं होतं. रूळ एकच आणि स्लो-फास्ट दोन्ही लोकल त्यावरच! जॅक सुरू केलं की ब्राउझर मुका, असे प्रकार व्हायचे.

रेड हॅटच्या विम टायमन्स यांनी सुरू केलेल्या ‘पाइपवायर’ने हे भांडण मिटवलं. ते पल्सऑडिओ आणि जॅक या दोघांच्याही भाषा बोलतं, त्यामुळे जुनी अ‍ॅप्स न बदलता चालतात. कुठला आवाज कुठल्या स्पीकरला जायचा, हे ‘वायरप्लंबर’ ठरवतं. खाली अल्सा आहेच. २०२१मध्ये फेडोरा ३४ने आणि २०२२मध्ये उबुंटू २२.१०ने पाइपवायर स्वीकारलं. २०२३मध्ये त्याची १.० आवृत्ती आली.

गंमत म्हणजे इथे जुना लॅपटॉपच फायद्यात असतो. त्याच्या साउंड कार्डाचे ड्रायव्हर बहुतेकदा कर्नेलमध्ये आधीपासून असतात. अगदी नव्या मॉडेललाच कधीकधी वाट बघावी लागते.

सगळंच गोड आहे असं नाही. ब्लूटूथ हेडफोनचा माईक चालू केला की आवाजाचा दर्जा पडतो. पण ती ब्लूटूथची मर्यादा, एकट्या लिनक्सची नाही. इंटरव्ह्यूला वायरवाला हेडफोन बरा.

तेव्हा आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून स्पीकर, माईक, ब्लूटूथ तपासा, मगच इन्स्टॉल करा. शिकायला आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ मराठीतही आहेत. चाळीस हजारांचा नवा लॅपटॉप घेण्याआधी एक संध्याकाळ घालवून बघायला काय हरकत आहे?