जुनी प्रत आणि संशयाचा हक्क

लॅटिन काव्य मुळातून वाचू इच्छिणाऱ्याला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. व्हर्जिल, होरेस, कॅटलस, ऑव्हिड हे सारे आंतरजालावर फुकट उपलब्ध असताना, कडा झिजलेली आणि पहिल्या पानावर कुणा अपरिचिताची सही असलेली साठ वर्षांपूर्वीची आवृत्ती पैसे मोजून घ्यावी कशाला? दुसरा सल्लागार विद्यापीठीय असतो. त्याच्या मते जुनी आवृत्ती म्हणजे बाद झालेली आवृत्ती. घ्यायची तर नवी घ्या, नाहीतर ग्रंथालयात जा. तिसरा सल्ला देत नाही, पण जुनी पुस्तके विकत मात्र घेतो: पहिले मुद्रण, मूळ वेष्टन, कोरी पाने. तो संग्राहक. या तिघांची मते परस्परविरोधी दिसत असली तरी त्यांच्या मुळाशी असलेली चूक एकच आहे. चिकित्सित आवृत्ती कशासाठी असते, याचा विचार तिघांनीही केलेला नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला तरी हे फार समजावून सांगावे लागू नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती ज्याने एकदा उघडून पाहिली असेल, त्याला पानाच्या वरच्या भागातील संहिता आणि खालच्या भागातील पाठभेदांची दाटी यांचे नाते ठाऊक असते. त्या कार्याचे प्रमुख संपादक वि. स. सुखठणकर यांचे शिक्षण बर्लिनला झाले होते, आणि ज्या जर्मन परंपरेत ते तयार झाले तिने आपली हत्यारे ग्रीक-लॅटिन ग्रंथांवरच परजली होती. अशा आवृत्तीत वरची संहिता हे संपादकाचे मत असते आणि खालची नोंद हा त्या मताचा पुरावा असतो. पुरावा काढून टाकला तर उरते ती केवळ आज्ञा.

लॅटिन कवींच्या बाबतीत हा पुरावा किती निर्णायक असतो, हे पाहण्यासाठी कॅटलस पुरे आहे. एका लहान कवितेचा अपवाद सोडला, तर त्याचे सारे काव्य आपल्यापर्यंत पोहोचले ते व्हेरोना येथे चौदाव्या शतकाच्या आरंभी उजेडात आलेल्या आणि पुढे हरवलेल्या एकाच सदोष हस्तलिखितामुळे. त्याच्यापासून उतरलेल्या तीन प्रतींवर आजची संहिता उभी आहे: एक ऑक्सफर्डला, एक पॅरिसला, एक व्हॅटिकनमध्ये. ऑक्सफर्डची प्रत रॉबिन्सन एलिस यांनी १८६७मध्ये वापरली, परंतु तिचे खरे मोल ओळखले ते बेरेन्स या जर्मन संपादकाने, १८७६मध्ये. व्हॅटिकनची प्रत तर १८९६ साली विल्यम गार्डनर हेल या अमेरिकन अभ्यासकाच्या हाती लागेपर्यंत ग्रंथालयातच हरवलेली होती. या प्रतींमध्ये कविता कुठे संपते आणि पुढची कुठे सुरू होते, हेही अनेकदा धड कळत नाही. चिमणीवरच्या सुप्रसिद्ध कवितेला शेवटी चिकटलेल्या तीन ओळी तिच्याच आहेत, की एखाद्या नष्ट झालेल्या कवितेचा तो तुकडा आहे? अडुसष्टावी कविता एक आहे की दोन? यांची उत्तरे संपादकागणिक बदलतात. वाचकाला निदान प्रश्न आहे इतके तरी कळले पाहिजे.

आता फुकट संहितेकडे वळू. पर्सियस हा अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाचा प्रकल्प आदरणीय आहे; त्याने जगभरच्या वाचकांसाठी केलेले काम मोठे आहे. पण तेथील कॅटलस हा एलमर मेरिल यांच्या १८९३च्या आवृत्तीवर आधारलेला आहे. म्हणजे व्हॅटिकनची प्रत सापडण्याच्या तीन वर्षे आधीचा! प्रकल्पाने हे लपवलेले नाही. संपादकाचे नाव तेथे नोंदवलेले आहे. दोष आहे तो पडद्यावर उमटलेली अक्षरे म्हणजे 'कॅटलस' असे मानून पुढे जाणाऱ्या वाचकाचा, आणि त्याहून अधिक, त्याला तसे मानायला शिकवणाऱ्या सल्लागाराचा. तंत्र एकविसाव्या शतकाचे आणि संहिता एकोणिसाव्या शतकाची, असा हा प्रकार आहे. पाठभेदांची नोंद नसलेल्या त्या स्वच्छ, गुळगुळीत पानावर हे वय दिसत नाही इतकेच. जुन्या कागदाचे निदान तसे नसते. तो आपले वय अंगावर वागवतो.

जुने ग्रंथ पानापानाने छायाचित्रित करून ठेवणारी संकेतस्थळे आहेत आणि तेथे पाठभेदांसह आवृत्त्या मिळतात, हा आक्षेप खरा आहे. परंतु ती सोय मुख्यतः ज्यांचे स्वामित्वहक्क संपले आहेत त्यांच्यापुरती आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर झालेले काम, म्हणजे ऑक्सफर्डच्या निळ्या मालिकेतील मायनर्स यांचा कॅटलस (१९५८) आणि व्हर्जिल (१९६९), बार्बर यांचा प्रॉपर्शियस (१९५३, सुधारित १९६०), केनी यांनी संपादित केलेली ऑव्हिडची प्रेमकाव्ये (१९६१), हे सारे विचित्र अवस्थेत अडकले आहे. फुकट व्हायला ते फार तरुण आहे आणि काही विद्वानांच्या लेखी फार म्हातारे. उलट, नव्या आवृत्त्यांच्या किमती कुणासाठी ठरवलेल्या असतात हे उघड गुपित आहे. जर्मनीच्या टॉयब्नर मालिकेतील नवा खंड अनेकदा शंभर युरोंच्या घरात वा त्याच्याही पुढे जातो. ही किंमत ग्रंथालयांसाठी असते, माणसांसाठी नव्हे. प्रकाशकाने वाचकाला ग्राहकांच्या यादीतून कधीच वगळले आहे. त्या वगळलेल्या वाचकासाठी एकच दार उघडे राहते, आणि ते जुन्या पुस्तकांच्या दुकानाचे आहे.

पण या दारात संग्राहक उभा असतो, आणि विक्रेता त्याचीच भाषा बोलतो. जुन्या पुस्तकांच्या व्यापाराची सारी मूल्यव्यवस्था पहिल्या मुद्रणाभोवती रचलेली आहे. कादंबरीच्या बाबतीत ते एक वेळ चालेल. चिकित्सित आवृत्तीच्या बाबतीत हा हिशेब साफ उलटा आहे. ए. ई. हाउसमन यांचा जुव्हेनल १९०५ साली निघाला आणि त्याची सुधारित आवृत्ती केंब्रिजने १९३१मध्ये काढली. संग्राहकाला १९०५ची हवी असते, कारण हाउसमन हे इंग्रजीतील लोकप्रिय कवीही होते. वाचकाला १९३१ची हवी, कारण तीत संपादकाने स्वतःच्या चुका दुरुस्त केल्या आहेत. तीच गोष्ट क्लॉसेन यांच्या पर्सियस-जुव्हेनलची (१९५९, सुधारित १९९२) आणि केनींच्या ऑव्हिडची (१९६१, सुधारित १९९४). 'दुरुस्त्यांसह पुनर्मुद्रित' हे शब्द विक्रेत्याच्या दृष्टीने किंमत उतरवणारे आणि वाचकाच्या दृष्टीने चढवणारे आहेत. हाउसमन यांनी मॅनिलियसचे पाच खंड (१९०३ ते १९३०) स्वतःच्या खर्चाने छापले. जुव्हेनलच्या मुखपृष्ठावर तर आवृत्ती संपादकांच्या उपयोगासाठी आहे असे लॅटिनमध्ये नोंदवले. उपयोगासाठी काढलेली ही पुस्तके आज काचेच्या कपाटात कुलूपबंद होतात, हा त्यांच्या कर्त्याचा गौरव आहे असे ज्यांना वाटते त्यांनी त्याच्या प्रस्तावना वाचलेल्या नाहीत.

पेन्सिलीच्या खुणांबद्दलही हेच. विक्रेता त्यांना दोष म्हणून नोंदवतो आणि त्यासाठी सूट देतो. वाचकाने ती सूट निःसंकोच घ्यावी. समासात कुणीतरी एखादा पाठ खोडून दुसरा सुचवला असेल, एखाद्या नियतकालिकातील लेखाचा निर्देश केला असेल, तर आपल्या आधी या पानाशी कुणीतरी भांडले होते याची ती खूण आहे. चिकित्सित आवृत्तीचा स्वभावच भांडणाचा असतो.

मात्र जुने म्हणून सारेच चांगले, असा भाबडेपणा प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. जुन्या प्रती फसवतात, आणि विक्रेत्याच्या यादीत ती फसवणूक दिसत नाही. फॉर्डाइस यांचे कॅटलसवरील भाष्य (ऑक्सफर्ड, १९६१) जुन्या बाजारात नित्य भेटते. त्यात शंभरावर कवितांपैकी बत्तीस कविता अश्लीलतेच्या कारणास्तव गाळलेल्या आहेत. संपूर्ण कवी हवा असेल त्याने क्विन (१९७०) किंवा थॉमसन (१९९७) शोधावा. लोब मालिकेतील वॉल्टर कर यांचा मार्शल (१९१९-२०) घेणाऱ्याला आणखी एक गंमत अनुभवायला मिळते: इंग्रज वाचकाच्या शीलरक्षणार्थ अश्लील कवितांचे भाषांतर तेथे इटालियन भाषेत दिले आहे! १८९९पूर्वीचा जुव्हेनल घ्याल, तर त्या वर्षी विन्स्टेड नावाच्या विद्यार्थ्याला बॉडलियन ग्रंथालयातील हस्तलिखितात सापडलेल्या सहाव्या उपरोधकाव्यातील छत्तीस ओळी त्यात असणार नाहीत. त्या जुव्हेनलच्याच आहेत की नाहीत हा वाद वेगळा. पण वाद घालायला ओळी समोर लागतात. आणि प्रॉपर्शियसच्या काही जुन्या आवृत्त्यांत चारऐवजी पाच भाग दिसले तर गोंधळून जाऊ नये. लाखमान यांनी १८१६मध्ये दुसऱ्या भागाचे दोन तुकडे केले, त्याचा तो परिणाम आहे. अशा प्रतीत आधुनिक लेखातील संदर्भ शोधताना भागाच्या क्रमांकात एकाचा फरक पडतो.

म्हणून वर्ष पाहायचे ते पुस्तक किती ताजे वा किती पुरातन हे ठरवण्यासाठी नव्हे. संपादकासमोर कोणता पुरावा होता, हे ठरवण्यासाठी ते पाहायचे. 'नवी आवृत्ती जुनीला बाद करते' हे विद्यापीठीय सूत्र येथेच कोसळते. प्रॉपर्शियसच्या बार्बर यांच्या आवृत्तीची जागा ऑक्सफर्डने २००७ साली हेवर्थ यांच्या आवृत्तीला दिली. हेवर्थ यांनी हस्तलिखितांवर अविश्वास दाखवत ओळी हलवल्या, पाठ बदलले. आणि आपल्या निर्णयांची चर्चा करणारा स्वतंत्र ग्रंथही त्याच वर्षी काढला. काम असामान्य आहे. पण ते बार्बरच्या कामाचे खंडन आहे, विस्थापन नव्हे. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या की कुठे पुरावा बोलतो आणि कुठे संपादक, हे वाचकाला ओळखता येऊ लागते. हे शेजारी ठेवणे जुन्या बाजाराशिवाय अशक्य आहे, कारण प्रकाशकाला शेजार नको असतो. त्याला वारस हवा असतो.

जी ग्रंथालये जागेच्या सबबीवर 'जुनी आवृत्ती' म्हणून ही पुस्तके निकालात काढतात, त्यांनीही हेच सूत्र डोळे मिटून स्वीकारलेले असते. त्यांचा शिक्का असलेली प्रत स्वस्तात मिळते याचा व्यक्तिशः आनंद मानावा. सार्वजनिकदृष्ट्या तो तोटाच आहे. आणि जुन्या पुस्तकांच्या नावाखाली आंतरजालावर विकल्या जाणाऱ्या अनामिक प्रकाशकांच्या छायाप्रतींपासून तर दूरच राहावे. मागणी आली की छापायच्या या पुस्तकांत पाठभेदांचा बारीक टाइप पुसट होतो आणि एखादे पान गायबही असते. ज्यासाठी आवृत्ती घ्यायची तेच त्यात वाचता येत नाही.

लॅटिन कविता वाचण्यासाठी याहून सोपे मार्ग आहेत, आणि केवळ रसास्वाद घेणाऱ्याने समोरासमोर भाषांतर असलेली प्रत घेतली तर त्यात काही वावगे नाही. परंतु ज्याला संहितेविषयी प्रश्न विचारायचा आहे, त्याला पानाच्या तळाचा मजकूर नाकारणे म्हणजे प्रश्न विचारण्याचा परवाना विद्यापीठाच्या ओळखपत्राला बांधून टाकणे होय. दोन हजार वर्षांच्या नकलाकारांनी केलेल्या चुकांवर विचार करण्याचा हक्क पगारी प्राध्यापकांपुरता ठेवावा, असे उघडपणे कुणीच म्हणत नाही. किमती आणि फुकट संहिता मिळून ते काम निमूटपणे करतात. त्याला उत्तर म्हणून वाचकाने फार काही करायचे नाही. यादीतील 'पहिले मुद्रण' हे शब्द सोडून 'दुरुस्त्यांसह' हे शब्द शोधायचे. वेष्टन नसलेली, शिक्का असलेली, पेन्सिलीने डागाळलेली प्रत उचलायची. काही गाळलेले आहे काय, हे विक्रेत्याला विचारण्यापूर्वी प्रस्तावनेत पाहायचे. आणि घरी आल्यावर वाचनाला पानाच्या तळापासून सुरुवात करायची.