टीव्हीवरून नाटक-सिनेमाचं परीक्षण कुठे गेलं?

वसईहून नाटक बघायला जायचं म्हणजे काय, हे विरार लोकलवाल्यांना वेगळं सांगायला नको. रविवार दुपारचा प्रयोग, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिर आणि नेमका त्याच दिवशी जम्बो ब्लॉक. चौघांची तिकिटं, रिक्षा आणि मध्यंतरातले वडे धरले, तर दोन हजार सहज जातात. एवढं करून नाटक फुसकं निघालं तर? म्हणून आधी कुणीतरी खरं सांगणारं लागतं.

पण टीव्ही लावला तर तिथे परीक्षण सापडत नाही. सापडतं ते प्रमोशन. असं का झालं?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तिथल्या 'प्रतिभा आणि प्रतिमा'ची आठवण आई-बाबांच्या पिढीला विचारा. लेखक, नट, गायक येऊन बसायचे आणि आपल्या कामाबद्दल निवांत बोलायचे. काटेकोर अर्थाने ते परीक्षण नव्हे, मुलाखतीच त्या. पण पाहुणा आलाय कारण शुक्रवारी त्याचा सिनेमा लागतोय, असा हिशेब त्यामागे नव्हता. १९७६ मध्ये दूरदर्शनवर जाहिराती आल्या, तरी वाहिनी एकच होती. प्रेक्षक रिमोट दाबून दुसरीकडे पळेल, ही भीतीच नव्हती. (रिमोट तरी कुठे होता म्हणा.)

खासगी वाहिन्या आल्यावर गणित फिरलं. टीआरपीत नाटकाचं परीक्षण बसत नाही, कारण नाटक दिसतं मुंबई, पुणे, नाशिकला आणि वाहिनी दिसते राज्यभर. जालन्यातल्या माणसाने न बघता येणाऱ्या नाटकाचं परीक्षण का ऐकावं? हे कारण मला पटतं.

सिनेमाच्या बाबतीत मात्र ते चालत नाही. तो जालन्यातही लागतो. तिथे अडचण वेगळी आहे: वाहिनी आणि निर्माता अनेकदा एकाच घरातले असतात. 'सैराट' (२०१६) झी स्टुडिओजचा. मग त्याच समूहाच्या वाहिनीवर बसून कुणी 'उत्तरार्ध लांबलाय' असं म्हणेल का? शिवाय दाखवायच्या क्लिप्स निर्मात्याकडूनच मिळतात आणि कलाकारांच्या मुलाखतीही त्याच्याच मर्जीवर. झोडपलं तर पुढच्या वेळी बोलावणं येत नाही.

ही रिकामी जागा २०१४ मध्ये झी मराठीवर सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'ने भरली. नव्या सिनेमाची टीम यायची, विनोद व्हायचे, हसता हसता तारीख सांगितली जायची. शाहरुख आणि सलमानही येऊन गेले. कार्यक्रम मजेशीर होता, मीही बघायचे. पण सिनेमा बघावा की नाही, याचं उत्तर तिथे मिळणं शक्यच नव्हतं.

मराठी वर्तमानपत्रांत नाट्यपरीक्षणं अजून छापून येतात, पण आपल्यातले किती जण ती उघडतात? आपण रील बघतो. 'हे नाटक चुकवू नका' असं ओरडणाऱ्या त्या तीस सेकंदांवर चौघांचा रविवार ठरतो.

आपल्याकडच्या कलेचा प्रश्न तर याहून पुढचा. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांवर होती. इथे सामवेदी बोलीत लिहिणारे आहेत, चर्चच्या अंगणात नाटकं करणारे आहेत, एकांकिकांच्या तालमी करणारी कॉलेजची मुलं आहेत. त्यांना 'छान झालं' म्हणणारे नातेवाईक भरपूर भेटतात. दुसरा अंक का पडला, हे सांगणारं कुणी नसतं. वसईतली इन्स्टा पेजेस नव्या कॅफेचं उद्घाटन मात्र चुकवत नाहीत.

रील बघून तिकीट काढणार असाल, तर एक नियम माहीत असू द्या. जाहिरात उद्योगाचीच स्वयंनियमन संस्था असलेल्या 'आस्की'ने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम केले. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसे घेऊन केलेली शिफारस तशी स्पष्ट सांगायची. फुकट मिळालेली वस्तू किंवा सहलसुद्धा यात धरतात. माझ्या मते प्रीमियरचा पासही त्याच हिशेबातला. आणि ही सूचना शिफारशीच्याच भाषेत द्यायची, म्हणजे मराठी रीलवर मराठीत. पुढच्या वेळी 'चुकवू नका' ऐकलंत की कोपऱ्यात 'जाहिरात' हा शब्द दिसतोय का, ते बघा. तो हॅशटॅगांच्या गर्दीत लपवायलाही परवानगी नाही.