आधी साइडपट्टी दाखवा, मग बंदी घाला



‘सायकलवाल्यांना महामार्गावर बंदीच घाला’ हे गेल्या आठवड्यातले पत्र वाचून गप्प बसवेना. पत्रलेखकांच्या मते अपरात्री दिवे लावून दोनशे-तीनशे किलोमीटर हाणणारे हे लोक शर्यतीच्या नशेत असतात आणि मोटारींच्या आड येतात. कसली शर्यत? २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायच्या सायकलफेरीला, साडेतेरा तास मिळतात, ६०० ला ४० तास. चहा, पंक्चर, बाकड्यावरची डुलकी सगळे धरून ताशी १५ किलोमीटर पडतात. त्यात पहिला-दुसरा नंबर नसतो. रात्री दिवा आणि चमकणारे जाकीट अंगावर नसेल तर स्वाराला बाद करतात. एवढी शिस्त त्याच रस्त्यावर उलट्या दिशेने येणाऱ्या डंपरला कोणी लावली आहे का?

शिवाय आम्ही निर्मळकरांनी जायचे कुठून? दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. सायकलने ओलांडायच्या तर महामार्गावरच्याच पुलांवरून. भाईंदरला रो-रो फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, विरारहून जलसारला एप्रिल २०२५ मध्ये. चांगलेच झाले, पण बोट तिच्या वेळेने सुटते आणि ब्रेव्हेचे घड्याळ थांबत नाही. मग सोपाऱ्यावरून, नालासोपाऱ्याचा पूल चढून पेल्हारला महामार्ग गाठायचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, ती पटते, कारण शेजारी जुना रस्ता आहे. आमच्या शेजारी काय आहे? मिठागरे!

खरे दुखणे साइडपट्टीचे आहे. घोडबंदर ते तलासरी १२१ किलोमीटरवर काँक्रीटचा थर चढवण्याचे काम निघाले. वाहनांसाठी रस्ता वर आला, कड मात्र होती तिथेच राहिली. खानिवड्याच्या अलीकडे-पलीकडे एकदा उतरून पाहा: पांढऱ्या पट्टीनंतर वीतभर मोकळी जागा, तिच्यावर बारीक खडी, आणि मग एकदम पायरी. सायकलचा बोटभर रुंदीचा टायर तिथून घसरला की स्वार एकतर खड्ड्यात जातो, नाहीतर चाकाखाली. म्हणून तो पट्टीच्या आत राहतो, आणि म्हणून तो तुमच्या मोटारीला ‘आड’ येतो. साइडपट्टी द्या, कोण कशाला आड येईल?

नाशिकचे महाजन बंधू २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण करून आले, २०१७ मध्ये लष्करातले डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तेच जवळपास ४,८०० किलोमीटर एकट्याने, १२ दिवसांच्या आत कापले. तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शाली घातल्या. ही माणसे सराव कुठे करतात, अंगणात? त्या स्पर्धेत रात्री स्वाराच्या पाठीमागे त्याची स्वतःची गाडी दिवे लावून चालते. ब्रेव्हेत तशी गाडी मागे ठेवायची परवानगी नाही. आमच्या पाठीमागे कंटेनर असतो.

आणि सायकल म्हणजे श्रीमंतांची हौस, हा पत्रातला टोमणा तर फारच झोंबला. पहाटे साडेपाचला वसई फाट्यावर उभे राहा. सातिवली, वालीवच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणारे किती जण सायकलवर दिसतात ते बघा. हँडलला डब्याची पिशवी, मागचा रिफ्लेक्टर कधीच तुटलेला, हेल्मेटचे नावच नको. बंदी आली की पहिली पावती त्यांची फाटेल. आमच्यासारखे हौशी लोक सायकल गाडीवर टाकून लोणावळ्याला जातील.

बंदीचा एवढाच सोस असेल तर ती रविवारी आमच्या गावात घाला. कळंब, राजोडीला निघालेल्या मोटारी निर्मळ-गासच्या रस्त्यावर, दोन्हीकडे वाड्यांची कुंपणे असताना, ज्या वेगाने जातात तो ताशी १५ नक्कीच नसतो. फुलांची टोपली घेतलेल्या बाईने कुंपणाला चिकटून उभे राहायचे, आणि वर हॉर्न तिलाच.

पावसाळ्याआधी महामार्गाची कड भरून, दाबून, रस्त्याच्या पातळीला आणावी आणि निदान पेल्हार ते मनोर पांढरी पट्टी पुन्हा ठळक मारावी, एवढेच मागणे आहे. खडी तिथे पडलेलीच आहे.

– एक सायकलस्वार, निर्मळ (ता. वसई)