माळवदाचे ओझे

कला शाखेच्या विद्यार्थ्याने पदार्थविज्ञानावर लेखणी चालवावी, हा काहींना आगाऊपणा वाटेल. वाटो. दहावीनंतर न्यूटनला आपण जो रामराम ठोकला तो कायमचाच, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत आहे. माझे भांडण त्या समजुतीशी आहे, आणि त्याला कारण आमच्या घरात वर्षभर चाललेला एक वाद.

मी बेंबळीचा. घर दगडमातीचे, वर माळवद. भिंती दोन हात रुंद. माळवद पेलायला आत सागवानी खण, म्हणजे खांब आणि त्यांवर तुळया. चुलत्यांचा बेत असा, की माळवद उतरवायचे, सागवान विकायचे आणि आलेल्या पैशांत त्याच भिंतींवर सिमेंटचा स्लॅब टाकायचा. पुढेमागे वर मजलाही चढवायचा. "एवढ्या रुंद भिंती, हत्ती पेलतील," असे ते म्हणतात.

भिंती हत्ती पेलतील, हे खरेच आहे. पण हत्ती गप्प उभा असेल तोवर.

बळ म्हणजे जोर, एवढ्यावर आपण थांबतो. पण जोर कोणत्या दिशेने, यावर सगळे अवलंबून असते. वरून खाली येणारा दाब दगडाला सोसतो. शंभर वर्षे सोसतो. त्याला सोसत नाही ती ओढ, आणि आडवा हिसका. दगडाला दगड धरून ठेवतो तो मातीचा चिकटा आणि घर्षण, दुसरे काही नाही. चुनाही नसतो बहुतेक ठिकाणी.

आडवा हिसका समजून घ्यायला प्रयोगशाळेची गरज नाही, आमची सकाळची एस.टी. पुरे. गाडी एकदम सुटली की पाय गाडीबरोबर पुढे जातात आणि धड मागे राहते. आपल्याला कोणी ढकललेले नसते. अंगाचे वजन जागचे हलायला तयार नसते, इतकेच. यालाच जडत्व म्हणतात. जितके वजन जास्त तितका हिसका मोठा. आता गाडीच्या जागी जमीन धरा, पायांच्या जागी पाया आणि डोक्याच्या जागी माळवद.

मी एकदा हिशेब मांडला. आमची मधली खोली दहा फूट बाय बारा. माळवदावर मातीचा थर दीड फूट. म्हणजे 180 घनफूट माती, घनफुटाला साधारण 45 किलो धरली तरी आठ टन. भरलेला मालट्रक डोक्यावर घेऊन आम्ही पिढ्यान्‌पिढ्या झोपत आलो! आणि जमीन गुरुत्वाच्या केवळ एकपंचमांश त्वरणाने हलली, तरी या छताचा आडवा रेटा दीड टनाच्या वर जातो. आजी म्हणते, पावसाळ्याआधी दरसाल वर पांढरी माती टाकायची चाल होती. गळती थांबे, जुनी माती मात्र कोणी उतरवत नसे.

30 सप्टेंबर 1993. पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटे. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण ती पहाट आमच्या जिल्ह्यात ज्याला ठाऊक नाही असा माणूस मिळायचा नाही. आमच्या घरची उतरंड कोसळली, माणसे अंगणात पळाली, निभावले. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत निभावले नाही. आठ ते दहा हजार माणसे गेली, बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली.

भूकंप 6.2 च्या आसपासचा होता. पुढे चार महिन्यांच्या आत, 17 जानेवारी 1994 रोजी, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे 6.7 चा भूकंप झाला. तोही पहाटेचाच. शहर दाट वस्तीचे, नुकसानही प्रचंड. पण मृत्यू साठच्या आसपास. तिथली बहुतेक घरे हलक्या लाकडी सांगाड्याची. आमच्याकडे अजूनही देवाच्या कोपाची भाषा चालते. देवाला यात ओढायचे मला कारण दिसत नाही. माणसे मेली ती भिंतींखाली आणि मातीखाली.

आणि त्या भिंती तरी कशा? बाहेरून एक दगडी थर, आतून एक, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही थरांना सांधणारा आरपार दगड क्वचितच. हिसका बसला की थर फुगतात आणि एक आत, एक बाहेर कलतो. भिंत रुंद म्हणून बळकट, हा आमच्या चुलत्यांचा नव्हे, सगळ्या मराठवाड्याचा भ्रम होता. याउलट काही घरांत भिंती पडल्या, पण लाकडी खण उभे राहिले आणि वरचे ओझे त्यांनी धरून ठेवले. लाकूड ओढ सोसते, वाकते, परत येते. तेच लाकूड विकून आम्ही स्लॅब टाकणार आहोत!

चुलत्यांचा एक मुद्दा मात्र खोडता येत नाही, आणि तो मी प्रामाणिकपणे नोंदवतो. पाच इंची स्लॅब त्या खोलीवर साडेतीन टनांचा होईल. म्हणजे ओझे निम्म्याहून कमीच होते. माती उतरवणे शहाणपणाचेच आहे. पण स्लॅब बसणार त्या फुसक्या भिंतींवर, आणि मजला चढवला की कमी केलेले वजन दामदुपटीने परत, तेही आणखी उंचावर. खण ठेवावेत, वर पत्रे घालावेत, भिंतींना दाराच्या वर चौफेर सळ्यांचा काँक्रीट पट्टा द्यावा. नाहीतर स्लॅबला स्वतःचे खांब द्यावेत. यात नवे काहीच नाही, 1993 नंतर आमच्याच जिल्ह्यात हे सांगून झाले आहे. 2002 साली किल्लारीचा भाग भूकंपाच्या नकाशात वरच्या, म्हणजे तिसऱ्या विभागात घातला गेला. नकाशा बदलला, गवंड्याची ओळंबी तीच राहिली.

म्हणून प्राध्यापकांना माझी विनंती आहे. आम्हाला सूत्रे नकोत. पण आपल्या बोलीत रेटा, ओढ, ताण, दाब, पीळ, हिसका असे शब्द आहेत आणि पुस्तकात या सगळ्यांना मिळून एकच 'बल'. मोटेचा नाडा केव्हा तुटेल हे आजीला ताणावरून कळत असे. आसाला वंगण का लागते हे तिला कोणी शिकवले नव्हते. ग्रामीण साहित्याच्या तासाला वाड्याच्या पडझडीवर आपण पाने भरतो, वाडा का पडला हे मात्र विज्ञानवाल्यांवर सोपवतो. (ते तरी कुठे सांगतात!)

हे सारे घरी बोललो तेव्हा चुलते म्हणाले, "काय रं, कालेजात जाऊन आता घर बांधाय शिकवाय लागलास व्हय?" मी गप्प बसलो. चार दिवसांनी त्यांनी गवंडी बोलावला आणि परसातल्या कोपऱ्यातले दोन दगड काढायला लावले. आतून चिपा आणि भुसभुशीत माती घमेलेभर खाली आली. चुलते बराच वेळ बॅटरी लावून आत बघत होते.

स्लॅबचा बेत अजून मोडलेला नाही. पण सागवान बघायला आलेल्या व्यापाऱ्याला त्यांनी दिवाळीनंतर ये म्हणून सांगितले, आणि ते भगदाडही अद्याप बुजवलेले नाही.