रंगांच्या नव्या पेटीची पारख

मोंढ्यात सोयाबीनची गाडी उभी राहिली की भाव सांगण्यापूर्वी व्यापारी पोत्यातून मूठभर दाणे काढतो, तळहातावर पसरतो, माती आणि डागी दाणा पाहतो, एखादा दाणा दाताखाली धरून ओलीचा अंदाज घेतो. पोत्यावर काय लिहिले आहे ते तो वाचतो, पण त्यावर सौदा करीत नाही. तोच गृहस्थ घरातील मुलांसाठी जलरंगांची पेटी घेताना मात्र झाकणावरचे चित्र पाहून पैसे मोजतो आणि घरी येऊन नळ्या मुलांच्या हाती देतो. सुट्ट्यांचे दिवस आहेत, घरोघरी अशा पेट्या येत आहेत. म्हणून यावेळी रंगांच्या नमुन्याविषयी लिहितो.

जलरंग म्हणजे अत्यंत बारीक वाटलेले रंगद्रव्य, ते कागदाला धरून ठेवणारा बाभळीच्या कुळातील झाडाचा डिंक, आणि रंग कोरडा पडून तडकू नये म्हणून थोडे ग्लिसरीन. बाकी सारा फरक रंगद्रव्याचा. ते द्रव्य कोणते, हे नळीवरच्या मोठ्या अक्षरांतील नावावरून कळत नाही. नावे जुनी असतात, आतला माल नवा असतो. ‘इंडियन यलो’ हे त्याचे ठळक उदाहरण. आंब्याची पाने खाऊ घातलेल्या गाईंच्या मूत्रापासून हा पिवळा रंग मुंगेरजवळच्या एका खेड्यात करीत असत, असा वृत्तांत त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी १८८३ मध्ये लंडनला लिहून पाठवला होता. ते उत्पादन केव्हाच थांबले. नाव मात्र आजही विकले जाते, आणि आत असते कारखान्यातील वेगळेच द्रव्य. नावापुढे ‘ह्यू’ असा शब्द छापलेला असेल तर तो मूळ द्रव्याचा रंग नसून त्याच्यासारखा दिसणारा रंग आहे असे समजावे. ही फसवणूक नव्हे. नळीवर तसे छापलेलेच असते. आपण वाचत नाही, इतकेच.

वाचायचे असते ते नळीच्या मागील बाजूचे बारीक अक्षर. ‘कलर इंडेक्स’ या आंतरराष्ट्रीय सूचीत प्रत्येक रंगद्रव्याला क्रमांक दिलेला आहे. पी-बी-२९ म्हणजे अल्ट्रामरीन निळा, मग उत्पादक कोणीही असो. एकेकाळी हा निळा अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतील राजावर्त मण्यापासून निघे. पंधराव्या शतकातील पश्चिम भारतातील कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्यांत सोन्याशेजारी झळकणारा गडद निळा तोच. १८२८ च्या सुमारास युरोपात तो कृत्रिम रीतीने तयार होऊ लागला आणि स्वस्त झाला, इतका की आपल्या किराणा दुकानात कपड्यांसाठी पुडीत मिळणारी नीळ ही बहुतांशी हीच भुकटी असते. पोथ्यांतला पिवळा हरताळ आणि तांबडा हिंगूळ मात्र विषारी; आर्सेनिक आणि पाऱ्याची ती संयुगे. चुकलेला मजकूर लेखनिक हरताळाने झाकीत, आणि ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आपल्या बोलण्यात आला. आजच्या पेटीत या दोन्ही रंगांची केवळ छटा उरली आहे, हे मुलांच्या दृष्टीने चांगलेच झाले.

आता प्रत्यक्ष नमुना. विष्णुपुरीत आमच्या घरापासून शंकरसागर जलाशय जवळ आहे. नातीला धरणाचे दरवाजे आणि पलीकडची काळी शेते रंगवायची होती. पेटी आली त्याच संध्याकाळी जलाशयाकडे निघण्याची तिची तयारी. “आजोबा, चित्र आधी, पट्ट्या मग,” असा तिचा आग्रह. अखेर दोन संध्याकाळी पट्ट्यांना मिळाल्या. ज्या कागदावर पुढे चित्र काढायचे, त्याच कागदावर नमुना करावा. शाळेच्या चित्रकलेच्या वहीचा कागद आणि ३०० ग्रॅम वजनाचा सुती कागद यांवर एकच रंग दोन वेगळ्या रंगांसारखा वागतो. कागदावर आधी न पुसणाऱ्या काळ्या शाईची एक आडवी रेघ ओढली. प्रत्येक रंगाची उभी पट्टी त्या रेघेवरून, वरच्या टोकाला घट्ट आणि खाली पाणी वाढवीत फिकट होत जाईल अशी ओढली. वाळल्यावर रेघ स्वच्छ दिसली तर रंग पारदर्शक, रेघेवर साय धरल्यासारखे दिसले तर अपारदर्शक. पारदर्शक रंग एकावर एक चढवता येतात. अपारदर्शक रंगांचे थर चढवीत गेले की चित्र मळते. मग वाळलेल्या पट्टीच्या एका कोपऱ्यावर ओला कुंचला फिरवून टिपकागद दाबला. अल्ट्रामरीन बराचसा उचलला गेला. थॅलो निळा, म्हणजे पी-बी-१५, कागदात मुरून बसला होता, तो हलेना. आकाशात चुकून थॅलो सांडला तर ते आकाश तसेच राहणार, हे नातीला शब्दांनी समजले नसते, पट्टीने समजले.

आमच्या भागातील हवेचाही विचार करावा लागतो. जलरंग वाळल्यावर फिकट होतो हे सर्वत्रच खरे. पण नांदेडच्या वैशाखात कुंचला उचलेपर्यंत रंगाची कड वाळते आणि पट्टीला टणक किनार येते. म्हणून नमुना सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतर करावा, आणि ओल्या रंगावर मत बनवू नये. दुसऱ्या दिवशी पाहावे.

या सर्वांहून महत्त्वाची परीक्षा उन्हाची. ती मी आग्रहाने सांगतो, त्यास कारण आहे. आमच्या काकूंनी तरुणपणी रंगवलेले गोदावरीच्या घाटाचे एक चित्र बैठकीत पश्चिमेच्या खिडकीसमोर वीस वर्षे होते. पाण्याचा निळा आजही तसाच आहे. पायऱ्यांवरील स्त्रियांची लुगडी मात्र राखट पिवळट झाली आहेत. त्यांतील एक लुगडे आपल्या आईचे आहे असे काकू सांगत. त्या काळी घरात रंगीत छायाचित्र नव्हते. काकू गेल्यानंतर चौकट बदलताना पुठ्ठ्याच्या कडेखाली झाकली गेलेली बोटभर पट्टी दिसली, तेव्हा त्या लुगड्याचा मूळ रंग आम्हाला प्रथमच कळला. गर्द, किंचित जांभळट असा किरमिजी.

मंजिष्ठाच्या कुळातील मुळांपासून निघणारा लाल रंग आणि १८६८ मध्ये प्रयोगशाळेत साधलेले त्याचे कृत्रिम रूप, अलिझरिन क्रिमसन, पी-आर-८३, दिसायला अतिशय सुंदर आणि उन्हाला अतिशय कच्चे. आज त्याऐवजी क्विनॅक्रिडोन जातीचे लाल आणि गुलाबी मिळतात; त्यांतील पी-व्ही-१९ पुष्कळ टिकाऊ आहे. मुलांच्या अनेक पेट्यांवर क्रमांक छापलेलाच नसतो. तेथे एकच उपाय: प्रत्येक रंगाची पट्टी ओढून अर्धा भाग जाड काळ्या कागदाने झाकावा, तारीख लिहावी आणि कागद उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवून तीन महिने विसरून जावे. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी ठेवल्यावर उत्पादकाला विचारावे असे काही उरत नाही.

आपल्या घरांना आणखी एक तपासणी करावीशी वाटेल. ‘आयव्हरी ब्लॅक’, पी-बी-के-९, हा जाळलेल्या हाडांचा कोळसा असतो. पी-बी-के-६ आणि ७ ही काजळी. काळा हवाच असेल तर हे घ्यावेत. ‘कार्माइन’ या नावापुढे एन-आर-४ असेल तर तो किड्यांपासून काढलेला रंग होय. आपल्या ‘किरमिजी’ या शब्दातच कृमी दडलेला आहे, जरी पेट्यांतील बहुतेक किरमिजी आज रसायनशाळेतून येत असला तरी. काही विदेशी उत्पादक रंग मऊ राहावा म्हणून मध घालतात आणि तसे अभिमानाने छापतात. काहींच्या रंगात बैलाचे पित्त असते, ते मात्र वेष्टणावर सहसा आढळत नाही. पत्र लिहून विचारावे लागते. उंची कागदांपैकी काहींना जिलेटिनची खळ असते. कुंचले खारीच्या वा अन्य प्राण्याच्या केसांचे नकोत असे वाटल्यास कृत्रिम धाग्याचे आता उत्तम मिळतात आणि स्वस्तही पडतात. अतिरेकी चिकित्सा म्हणून कोणी हसेल. पण खाद्यपदार्थाच्या पाकिटावरचे बारीक अक्षर भिंग लावून वाचणारी आपली माणसे, त्यांना हे जड जाऊ नये.

काळ्या नळीवाचून अडते असेही नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र केले की गडद करडा मिळतो. निळा थोडा अधिक घातला तर पावसाळी ढग, तपकिरी अधिक घातला तर पहिल्या पावसानंतरची आमच्याकडची काळी माती. खडबडीत कागदावर अल्ट्रामरीनचे कण खळग्यांत बसतात, त्यामुळे नांगरलेल्या ढेकळांचा खरखरीतपणा आपोआप उमटतो. नातीच्या वहीत या एका जोडीच्या अकरा पट्ट्या आहेत. प्रत्येकीखाली कोणता रंग किती, हे तिने पेन्सिलीने लिहिले आहे.

चोवीस नळ्यांपैकी किती कामाच्या निघाल्या, असे कोणी विचारील. आम्ही नऊ ठेवल्या. तीन हिरवे हे पिवळा आणि निळा मिसळून घरीच होतात असे पट्ट्यांनी दाखवले, दोन तपकिरींत क्रमांक एकच होता, पांढऱ्याचे काम कागदच करतो. पुढच्या वेळी सुट्या नळ्या घ्याव्यात, सहा पुरेत, आणि त्या वरच्या दर्जाच्या असाव्यात, हा हिशेब नातीनेच मांडला. खिडकीतील किरमिजीची उघडी बाजू दुसऱ्या महिन्यातच विटली. ती नळी तिने रंगीत तालमींसाठी वेगळ्या डब्यात टाकली आणि डब्यावर लिहिले, ‘भिंतीवर लावायच्या चित्रात नको.’